३५२ विरुद्ध ४०: हार्टमनच्या फोटोखाली फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

दर काही महिन्यांनी एक मेसेज नव्या दमाने फिरायला लागतो. वर जर्मन वैमानिक एरिश हार्टमनचा फोटो आणि खाली मजकूर, थोडक्यात असा: हार्टमनने ३५२ विमानं पाडली, मित्रराष्ट्रांच्या सर्वश्रेष्ठ वैमानिकाने फक्त ४०, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मन प्रशिक्षण जगात अव्वल होतं. जर्मन वाघ मरेपर्यंत आघाडीवर लढले, अमेरिकन मात्र चार दिवस लढून घरी परतायचे. खरी शाळा म्हणजे रणांगण; ब्रिटिशांनीसुद्धा नऊ तास शिकलेली पोरं पाठवून लंडन वाचवलं. जर्मनी हरली ती विमानं आणि पेट्रोल संपलं म्हणून, वैमानिक कमी पडले म्हणून नव्हे. शेवटी ठरलेलं शेपूट: 'आपल्याकडे हे कोणी शिकवलंच नाही.'

मेसेज सगळाच खोटा नाही, म्हणून तर तो इतका चालतो. ३५२ आणि ४० हे दोन्ही आकडे नोंदीतले आहेत. घोळ आहे तो त्यांच्यावरून काढलेल्या निष्कर्षांत.

'३५२ विरुद्ध ४०'

४० हा मित्रराष्ट्रांचा सर्वात मोठा आकडा नाहीच. तो अमेरिकेच्या रिचर्ड बाँगचा. सोव्हिएत हवाई दल मित्रराष्ट्रांतच मोडत होतं आणि त्यातल्या इव्हान कोझेदुबच्या नावावर ६२ विमानं आहेत. मेसेज लिहिणाऱ्याला तो माहीत नव्हता की सोयीचा नव्हता, कोण जाणे.

आणि मोजायचंच तर नीट मोजू. हार्टमनने १,४०० हून जास्त उड्डाणं केली, त्यांपैकी ८२५ वेळा त्याची शत्रूशी गाठ पडली. कोझेदुबची उड्डाणं ३३०, चकमकी १२०. भागाकार केला तर शंभर चकमकींमागे हार्टमनला साधारण ४३ विमानं मिळाली, कोझेदुबला ५२. यावरून कोझेदुब भारी ठरतो असं माझं म्हणणं नाही. दोघांचा काळ वेगळा, नोंदी ठेवायची पद्धत वेगळी, आणि हवाई युद्धातले दावे मुळात फुगतातच. १५ सप्टेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी १८५ जर्मन विमानं पाडल्याचं जाहीर केलं होतं. प्रत्यक्षात पडली साठच्या आसपास. कोणी मुद्दाम खोटं बोललं असं नाही. एकाच विमानावर तिघांनी गोळ्या झाडल्या की ते तिघांच्याही खात्यावर चढायचं.

एकूण आकड्यातून सर्वात आधी कळतं ते हे, की तो माणूस किती वेळा शत्रूसमोर गेला. हार्टमन ऑक्टोबर १९४२ पासून मे १९४५ पर्यंत लढत राहिला, बहुतेक सगळा काळ पूर्व आघाडीवर. तिथे धावपट्टी आघाडीच्या जवळ, शत्रू भरपूर, एका दिवसात कितीतरी उड्डाणं. बाँगला पॅसिफिकवर लांबचा पल्ला काटून जावं लागायचं, आणि तिथे पोचल्यावर समोर कोणी असेलच याची खात्री नसायची.

कोझेदुबबद्दल आणखी एक, कारण ते आपल्या विषयाला, म्हणजे प्रशिक्षणाला, थेट लागू आहे. जर्मनीने १९४१ मध्ये हल्ला केला तेव्हा तो चुगुयेवच्या विमान शाळेत शिकवत होता. आघाडीवर पाठवा म्हणून तो मागे लागला होता, तरी वरिष्ठांनी त्याला शिक्षक म्हणूनच ठेवलं. मार्च १९४३ मध्ये तो आघाडीवर पोचला. त्या ६२ विमानांमागे दीड-दोन वर्षं पोरांना तेच ते वळण, तोच तो उतार शिकवून पक्का झालेला हात होता.

'जर्मन वाघ मरेपर्यंत लढले, अमेरिकन घरी परतले'

अगदी खरं. फक्त मेसेजला जो अभिमानाचा मुद्दा वाटतो, तीच जर्मन हवाई दलाची सर्वात महाग चूक होती.

बाँगचंच उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धातला एडी रिकनबॅकरचा २६ विमानांचा अमेरिकन विक्रम त्याने १९४४ मध्ये मोडला आणि त्याला मायदेशी धाडण्यात आलं. सत्कार-बित्कार झाले, पण त्याचबरोबर त्याला गनरीच्या कोर्सला बसवलं. सत्तावीस-अठ्ठावीस विमानं पाडलेल्या माणसाला नेमबाजी शिकवायची म्हणजे गंमतच वाटेल. पण हवाई नेमबाजी प्रकरणच तसं आहे. दोन्ही विमानं ताशी पाचशे किलोमीटरच्या घरात धावत असतात. समोरचं विमान आडवं चाललं असेल तर नेम त्याच्यावर धरून काही हाती लागत नाही. गोळी पोचेपर्यंत ते जिथे असेल तिथे धरावा लागतो. कोन, अंतर, वेग, सगळा हिशोब एका क्षणात. याला डिफ्लेक्शन शूटिंग म्हणतात आणि बहुसंख्य वैमानिकांना ते कधीच जमत नसे. हार्टमनची यावरची तोड साधी होती: समोरची काच शत्रूच्या विमानाने भरून जाईपर्यंत जवळ जायचं आणि मगच बटण दाबायचं. बाँगही तसाच जवळून मारणारा. कोर्स करून तो पॅसिफिकला परतला तो इतरांना गनरी शिकवायच्या कामावर. त्यातही त्याने आणखी डझनभर विमानं पाडली, हा भाग वेगळा. चाळीस झाल्यावर त्याचा वरिष्ठ जनरल केनी याने त्याला कायमचं परत पाठवलं.

अमेरिकन नौदलाचा जिमी थॅच याहून महत्त्वाचा. त्याचं वाइल्डकॅट विमान जपानी झीरोपुढे वळायला आणि चढायला कमी पडायचं. त्याने त्यावर जोडीची युक्ती शोधली: दोन विमानांनी अंतर ठेवून उडायचं आणि पुन्हापुन्हा एकमेकांच्या दिशेने वळायचं, म्हणजे एकाच्या शेपटीला लागलेला शत्रू आपोआप दुसऱ्याच्या नेमात येतो. जून १९४२ मध्ये मिडवेच्या लढाईत ती प्रत्यक्ष वापरून झाली. लगोलग नौदलाने थॅचला आघाडीवरून काढून शिकवायला बसवलं. नौदलाच्या दृष्टीने थॅचने स्वतः आणखी पाच-दहा विमानं पाडण्यापेक्षा ही युक्ती शेकडो नवख्यांच्या अंगवळणी पाडणं जास्त मोलाचं होतं. जपानी नौदलाने नेमकं उलट केलं. त्यांचे कसलेले वैमानिक मिडवेलाच संपले असं म्हणतात, पण तिथे त्यांचे फक्त ११० च्या आसपास विमानकर्मी गेले. बाकीच्यांना पुढे पॅसिफिकमधल्या रबाउलच्या तळावरून ग्वादलकनाल बेटापर्यंतच्या फेऱ्यांनी झिजवलं. ते शिकवायला परत फिरलेच नाहीत.

जर्मनीत ठरावीक उड्डाणं झाली की परत बोलवायचं, असा नियमच नव्हता. लढ, जखमी हो, बरा हो, पुन्हा लढ. हान्स फिलिपच्या नावावर २०६ विमानं होती, त्यातली बहुतेक पूर्वेकडची. १९४३ मध्ये त्याला पश्चिमेला एका मोठ्या तुकडीचा प्रमुख म्हणून आणलं आणि ८ ऑक्टोबरला तो अमेरिकन बॉम्बर्सच्या लढाईत मारला गेला. त्याच्याबरोबर दोनशे विजयांमागचा अनुभव गेला. हा माणूस वर्षभर एखाद्या शाळेत असता तर? जर्मनीने बियाण्याला ठेवलेली ज्वारीच दळायला काढली.

'पण हार्टमन तर आघाडीवरच शिकला ना?' असा उलट प्रश्न येतो. नाही. तो ऑक्टोबर १९४० मध्ये हवाई दलात दाखल झाला आणि आघाडीवर पोचला ऑक्टोबर १९४२ मध्ये. दोन वर्षं शिकला. आणि एवढं शिकूनही पहिल्या लढाईत त्याने काय केलं? रांग सोडली, आपल्याच लीडरचं विमान शत्रूचं समजून त्याच्यापासून पळ काढला, इंधन संपवलं आणि विमान शेतात आदळलं. शिक्षा म्हणून तीन दिवस मेकॅनिकांच्या हाताखाली. त्यानंतर रोसमनसारखे जुनेजाणते सोबत घेऊन उडाले म्हणून तो घडला. १९४४ च्या वसंतात आलेल्या पोराच्या नशिबी ना ती दोन वर्षं होती, ना तो रोसमन.

'ब्रिटिशांनी नऊ तास शिकलेली पोरं पाठवली'

हा मुद्दा लवकर आटपतो. नऊ-दहा तास हे स्पिटफायर किंवा हरिकेनवरचे. त्याआधी त्या पोराने टायगर मॉथसारख्या विमानावर सुरुवात करून शंभराहून जास्त तास उड्डाण केलेलं असायचं. तरीही ते कमीच होतं, यात वाद नाही. ऑगस्ट १९४० मध्ये लढाऊ विमानांवरचा शेवटचा कोर्स दोन आठवड्यांवर आणला गेला आणि त्यातून आलेली कित्येक मुलं पहिल्या काही उड्डाणांतच गेली.

मेसेजला वाटतं तसा हा शहाणपणा नव्हता, नाइलाज होता. तो नाइलाज आहे हे हवाई सेनापती डाउडिंगला कळलं होतं. सप्टेंबरमध्ये त्याने स्क्वाड्रनचे, म्हणजे विमान तुकड्यांचे, तीन वर्ग केले: अ वर्ग आग्नेय इंग्लंडात लढायला, ब वर्ग त्यांच्या बदलीला, आणि क वर्ग उत्तरेच्या शांत भागात. क वर्गात मोजके अनुभवी, बाकी नवखे. भर लढाईत, माणसं अपुरी असताना, त्याने लढू शकणारे काही जण मुद्दाम शिकवायला मागे ठेवले. शिवाय त्या 'पोरां'मध्ये १४५ पोलिश वैमानिक होते. बहुतेकांनी युद्धाआधीच मायदेशात कसून शिक्षण घेतलेलं. १२६ विमानांचा दावा करणारी ३०३ स्क्वाड्रन त्यांचीच.

मेसेजला एक गोष्ट मात्र द्यायला हवी. १९४० मध्ये जर्मन डावपेच ब्रिटिशांपेक्षा सरस होते. स्पेनच्या यादवी युद्धात व्हेर्नर म्योल्डर्सने चार विमानांची सैल रचना बसवली होती, दोन-दोनच्या जोड्या, प्रत्येकाला मान वळवून आकाश बघायला मोकळीक. ब्रिटिश तेव्हा तीन-तीनच्या घट्ट त्रिकोणात उडायचे आणि मागच्या दोघांचं निम्मं लक्ष लीडरला धडक बसू नये यातच जायचं. त्यांची कवायत देखणी होती, पण लढाईत प्राणघातक. १९४१ मध्ये ब्रिटिशांनी जर्मन रचना गुपचूप उचलली. तेव्हा नुसते तास मोजून भागत नाही, त्या तासांत काय शिकवलं तेही बघावं लागतं.

'विमानं आणि पेट्रोल संपलं, वैमानिक नव्हे'

विमानं? १९४४ मध्ये बॉम्बवर्षाव चालू असताना जर्मनीने चाळीस हजारांच्या आसपास विमानं बनवली. एवढी तिने कोणत्याच वर्षी बनवली नव्हती. विमानं उभी होती. त्यांत बसून पहिल्या पाच लढायांतून जिवंत परतेल असा माणूस मिळेना.

तासांचा हिशोब बघा. १९४२ च्या मध्यापर्यंत नवा जर्मन लढाऊ वैमानिक साधारण २४० तास उडवून आघाडीवर यायचा, ब्रिटिश २०० तास. म्हणजे तोवर मेसेजचं बरोबरच आहे. १९४४ च्या उत्तरार्धात जर्मन आकडा ११० वर आला; ब्रिटिश ३४० वर आणि अमेरिकन ३६० वर गेला. प्रत्यक्ष लढाऊ विमानावरचे तास तर आणखी बोलके: जर्मन मुलाला तीसेक, अमेरिकन मुलाला शंभराच्या कितीतरी वर.

हे एका रात्रीत झालं नाही आणि त्याची सुरुवात पेट्रोलने झाली नाही. १९४२ च्या सुरुवातीला रशियात डेम्यान्स्कच्या वेढ्यात अडकलेल्या जर्मन सैन्याला रसद पुरवायला वाहतूक विमानं कमी पडली. तेव्हा प्रगत विमान शाळांतली युंकर्स ५२ विमानं नेली, त्यांच्या शिक्षकांसकट. त्याच वर्षाअखेरीस स्टालिनग्राडला पुन्हा तेच. ढगांत आणि अंधारात निव्वळ उपकरणं बघून विमान कसं चालवायचं हे शिकवणारी ही माणसं होती. त्यांतली पुष्कळ परत आलीच नाहीत. पुढे हिवाळी ढगांत बॉम्बर्सना अडवायला चढलेली जर्मन पोरं शत्रू दिसण्याआधीच जमिनीवर आपटत होती, त्याचं एक मूळ इथे आहे.

मग चक्र सुरू झालं. नवखे जास्त मरतात म्हणून जागा रिकाम्या होतात, त्या भरायला कोर्स कमी करायचा, म्हणजे पुढची तुकडी आणखी नवखी. १९४४ च्या जानेवारी ते मे या पाच महिन्यांत जर्मन लढाऊ वैमानिकांचं नुकसान २,२०० च्या वर गेलं. त्यांच्याकडे एका वेळी असणाऱ्या एकूण वैमानिकांची संख्याही जवळपास तेवढीच होती. आणि हे सगळं पेट्रोलच्या टंचाईआधी. कोळशापासून कृत्रिम तेल बनवणाऱ्या जर्मन कारखान्यांवर मोठे हल्ले सुरू झाले १२ मे १९४४ ला. त्यानंतर पेट्रोल आटलं हे खरंच, पण आटलेल्या पेट्रोलवर पहिली कात्री लागली ती शाळांच्या वाट्याला.

शेवट १ जानेवारी १९४५ च्या सकाळी दिसला. मित्रराष्ट्रांच्या विमानतळांवर जर्मन लढाऊ विमानांनी एकत्र हल्ला चढवला. वैमानिकांना नकाशावरून वाट काढता येईना, म्हणून पुढे युंकर्स ८८ विमानं वाटाड्या म्हणून दिली होती. १४३ वैमानिक मारले गेले किंवा बेपत्ता झाले, ७० पकडले गेले, काहींना तर स्वतःच्याच विमानविरोधी तोफांनी पाडलं.

'संख्येच्या जोरावर जिंकले' म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: ती संख्या शाळांतूनच आली होती. ब्रिटन आणि राष्ट्रकुल देशांनी मिळून वैमानिक शिकवायचा डिसेंबर १९३९ मध्ये जो करार केला, त्यानंतर एकट्या कॅनडात १,३१,५५३ विमानकर्मी शिकून बाहेर पडले. ही मोहीम रक्तपातावाचून झाली असंही नाही. अमेरिकेत घरच्या आकाशात, शत्रूचं एकही विमान समोर नसताना, प्रशिक्षणात आणि सरावात सुमारे १५,००० जण गेले.

'आपल्याकडे हे कोणी शिकवलंच नाही'

१९४३ मध्ये ओडिशातल्या अमरदा रोड विमानतळावर ब्रिटिशांनी हवाई लढाईचं प्रशिक्षण देणारी तुकडी उभी केली. प्रमुख होता फ्रँक केरी, १९४० च्या ब्रिटनच्या हवाई लढाईत आणि ब्रह्मदेशात लढून आलेला, म्हणजे मेसेजच्या भाषेत 'घरी परतलेला'. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचे वैमानिक तिथे येऊन नेमबाजी आणि डावपेच घासूनपुसून घ्यायचे.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलाने १ फेब्रुवारी १९७१ ला आदमपूरला खास हवाई डावपेचांसाठी एक तुकडी काढली. त्याच डिसेंबरात तिने मिग-२१ घेऊन पाकिस्तानात रात्रीचे हल्लेही केले. आज ती टॅकडी या नावाने ग्वाल्हेरला आहे. तिथे स्क्वाड्रनमधले निवडक, आधीच मुरलेले वैमानिक पाठवले जातात आणि कोर्स संपला की ते इतरांना शिकवायला आपापल्या स्क्वाड्रनमध्ये परततात.