चंद्र हसला, द्रौपदी हसली, म्हणून भारूड वगळले

भाद्रपद जवळ आला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांवर वर्गणीच्या आवाहनांबरोबर उपदेशही फिरू लागतात. त्यांतला ‘देवाच्या दारी हसू नये’ अशा मथळ्याचा एक मजकूर इतक्या जणांनी इतक्या जणांना पाठवला आहे की त्याचा मूळ लेखक कोण, हे विचारण्यात आता अर्थ उरलेला नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: आपल्या धर्मपरंपरेत हास्याला स्थान नाही आणि संत गंभीर होते, समर्थांनी विनोद हा टवाळांचा ठरवला, द्रौपदी हसली म्हणून महाभारत घडले, चंद्र गणपतीला हसला म्हणून शापित झाला, हास्यक्लब हे हृदयाला घातक असे परदेशी खूळ आहे, कारणाशिवाय हसणे हे वेडाचे लक्षण आहे, आणि उत्सवाच्या मंडपात देवाधर्मावरून विनोद झाला तर आयोजकांना तुरुंगाची हवा खावी लागते. घोडबंदर रस्त्यावरच्या एका संकुलात याच मजकुराचा हवाला देऊन कार्यकारिणीने ठरलेले भारूड वगळले आणि त्या जागी प्रवचन ठेवले. प्रवचनाला माझी हरकत नाही. पण ज्या आधारावर भारूड गेले, तो एकेक मुद्दा घेऊन तपासला पाहिजे.

संत गंभीर होते, असे लिहिणाऱ्याने एकनाथांचे भारूड एकदाही समोर बसून पाहिलेले नसावे. पैठणचे नाथ सोळाव्या शतकातले. नाथांचे रोडग्याचे भारूड आठवा. लुगडे नेसलेला, पदर डोक्यावरून घेतलेला, मिशा मात्र तशाच ठेवलेला सोंगाड्या कमरेवर हात ठेवून भवानीला साकडे घालतो, ‘सत्वर पाव गे मला, भवानी आई रोडगा वाहीन तुला’. सासरा गावाला गेला आहे तर त्याला तिकडेच खपव, सासूला लवकर निर्दाळ, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, अशी एकेक मागणी पुढे येते आणि शेवटी नवराही सुटत नाही. ठाण्यातल्याच एका सभागृहात हे सादर होत असताना पुढच्या रांगेतल्या सत्तरीच्या एक बाई डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, ‘माझी सूनसुद्धा रोज हेच मागत असेल हो.’ अध्यात्माच्या अंगाने अर्थ लावणारे सांगतात की हे सासर म्हणजे प्रपंच आणि ‘एकटीच राहू दे मला’ ही त्यातून सुटण्याची ओढ. तो अर्थ खराच आहे. तरीही त्या बाईंना आधी स्वतःकडे सासू म्हणून बघावे लागले, आणि हे काम हसण्याने केले. प्रवचनातून कुणी ‘सासवांनी आत्मपरीक्षण करावे’ असे सांगितले असते, तर त्यांनी ते शेजारणीला लागू केले असते.

तुकोबांचे तर विचारूच नका. ‘नवसें कन्या पुत्र होती, तरी कां करणें लागे पती’ ही ओळ आजही कीर्तनात आली की मंडपभर हशा पिकतो, आणि त्या हशात नवस बोलून आलेलेही सामील असतात. ‘ऐसे संत जाले कळी, तोंडीं तमाखूची नळी’ या ओळीत भोंदू साधूचे जे चित्र आहे, ते गंभीर चेहऱ्याने काढताच आले नसते, कारण भोंदूचे सगळे भांडवल त्याचा गंभीर चेहरा हेच असते. सप्ताहाच्या शेवटी काल्याचे कीर्तन होते, त्यात बोबड्या पेंद्या आणि वाकड्या हे कृष्णाच्या बरोबरीने शिदोरी खातात, त्याच्याशी भांडतात, त्याला उष्टे भरवतात. पेंद्याच्या बोबड्या बोलांनी लोक हसतात खरे, पण त्या खेळात देव पेंद्याच्या बाजूने उभा असतो आणि दहीभाताचा घास त्याच्या हातून घेतो. हे सगळे देवाच्या दारीच चालते. मजकूरकर्त्याला आपल्या बाजूने खरोखरच काही आधार हवा होता, तर तो धम्मपद या बौद्ध ग्रंथात होता. त्यातल्या जरावग्गाच्या, म्हणजे म्हातारपणावरच्या प्रकरणाच्या, पहिल्याच गाथेत विचारले आहे की जग सतत पेटलेले असताना कसले हसू आणि कसला आनंद. तो प्रश्न जड आहे, आणि त्याच्याशी वाद घालायला मला आवडले असते. मजकुरात तो नाही.

त्याऐवजी तिथे ‘टवाळा आवडे विनोद’ आहे. ही ओळ दासबोधाच्या सातव्या दशकात, श्रवणाविषयीच्या निरूपणात येते आणि एकटी येत नाही. टवाळाला विनोद आवडतो, उन्मत्ताला नाना छंद आवडतात, असे करत कोणाला काय गोड वाटते ते समर्थ सांगत जातात. मुद्दा श्रोत्याच्या आवडीचा आणि त्याने काय ऐकावे याचा आहे. टवाळाला विनोद आवडतो म्हणून विनोद आवडणारा प्रत्येक माणूस टवाळ ठरत नाही, हे शाळकरी मुलालाही कळेल. शिवाय याच ग्रंथाच्या दुसऱ्या दशकात मूर्खलक्षणे आहेत. ‘घरीं विवेक उमजे, आणी सभेमधें लाजे’ असा माणूस तिथे भेटतो आणि वाचताना कुणाला आपल्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली, तर तो दोष समर्थांचा नव्हे. ओळीमागून ओळ असे मूर्ख उभे करणारा माणूस हास्याचा वैरी होता, हे मानायला मी तयार नाही.

आता द्रौपदी. हा मुद्दा सर्वांत जास्त पसरला आहे आणि सर्वांत जास्त अन्यायकारकही आहे, कारण तो युद्धाचे सगळे पाप एका बाईच्या हसण्यावर टाकतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ मध्ये हाती घेऊन १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत सभापर्वातला प्रसंग असा आहे: मयसभेत दुर्योधन स्फटिकाच्या फरशीला पाणी समजून वस्त्र उचलतो, मग पाण्याला फरशी समजून कपड्यांसकट पडतो. हसतात ते सेवक, आणि मग भीम, अर्जुन, नकुल, सहदेव. राजाच्या आज्ञेने त्याला लगेच कोरडी वस्त्रे दिली जातात. द्रौपदीचे नाव त्या वर्णनात नाही. ते नंतर येते, दुर्योधन हस्तिनापुरात बापाजवळ तक्रार करताना ती स्त्रियांसह हसली असे सांगतो तेव्हा. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तो फिर्यादीच आहे. ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे दूरदर्शनने घराघरांत पोचवलेले वाक्य तर या आवृत्तीत तिच्या तोंडी कुठेच नाही. आणि दुर्योधनाच्या जळण्याचे कारण तो स्वतःच शकुनीला सांगतो: राजसूयात पाहिलेले पांडवांचे वैभव.

मजकूरकर्त्याने महाभारतातले हसणे मोजायला घेतलेच होते, तर त्याने थोडे पुढे वाचायला हवे होते. द्यूतसभेत दुःशासन द्रौपदीला केसांना धरून ओढत आणतो, तिला ‘दासी’ म्हणून हाका मारतो, आणि तेव्हा एक माणूस मोठ्याने हसून त्याला शाबासकी देतो. तो कर्ण. मयसभेतले हसू पाय घसरलेल्या राजाला होते, ज्याला लगेच कोरडे कपडे मिळाले आणि ज्याच्यामागे अख्खे हस्तिनापूर उभे होते. सभेतले हसू जिला बोलण्याचा हक्कही नाकारला जात होता, तिच्यावर होते, आणि हसणाऱ्याच्या मागे सत्ता होती. सूड, प्रतिज्ञा, रक्त हे सारे या दुसऱ्या प्रसंगातून निघाले. पिढ्यान्‌पिढ्या आपण पहिले हसू लक्षात ठेवले आणि दुसरे विसरलो, याला योगायोग म्हणणे मला जड जाते.

चंद्राच्या गोष्टीत फार वेळ घालवण्याची गरज नाही. उंदरावरून पडलेल्या गणपतीच्या पोटाला आणि रूपाला स्वतःच्या देखणेपणाचा गर्व असलेला चंद्र हसला, म्हणून शाप मिळाला आणि पुढे तो भाद्रपद शुद्ध चतुर्थीपुरता सौम्यही झाला. दुसऱ्याच्या शरीराला हसण्याची ती शिक्षा आहे, एवढे मान्य करायला मला काहीच अडचण नाही. पण त्याच पोटाला आपण रोज आरतीत टाळ्यांच्या गजरात ‘लंबोदर’ म्हणतो, आणि गणपती रागावत नाही. जाता जाता एवढे सांगतो की नाट्यशास्त्रात हास्यरसाची देवता प्रमथ म्हणजे शिवाचे गण आहेत, आणि त्या गणांचा नायक कोण, हे गणेशोत्सवात सांगायला नको. त्याच ग्रंथाने हसण्याचे सहा प्रकार करून त्यांतले स्मित आणि हसित उत्तम, तर अपहसित आणि अतिहसित अधम मानले. प्रतवारी लावली, बंदी घातली नाही.

हास्यक्लब परदेशी, हे विधान तर मुंबईकराने तरी करू नये. डॉ. मदन कटारिया यांनी १९९५ च्या मार्चमध्ये अंधेरीतल्या एका उद्यानात पाच माणसांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला तिथे विनोद सांगितले जात. काही दिवसांत चांगले विनोद संपले, चावट आणि बोचरे विनोद सुरू झाले, सदस्य दुखावले, आणि मग विनोद बाजूला ठेवून नुसतेच हसायचे असे ठरले. उपवनला किंवा वाशीच्या सागर विहारजवळ पहाटे हात वर करून ‘हो हो, हा हा’ करणारी मंडळी पाहून तोंड फिरवणाऱ्यांना हा इतिहास ठाऊक असावा, असे वाटते.

कारणाशिवाय हसणे हे वेडाचे लक्षण, हेही निरीक्षणाला धरून नाही. अमेरिकी संशोधक रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी लोकांच्या बोलण्यातले हसणे नोंदवले, तेव्हा त्यातले बरेचसे कुठल्याही विनोदावर नव्हते. ‘चला, भेटू पुन्हा’ अशा साध्या वाक्यांवर होते, आणि माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असे त्यांना आढळले. ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाने २०११ मध्ये दाखवले की सोबतीने खळखळून हसल्यावर वेदना सहन करण्याची ताकद काही काळ वाढते. याच्या उलट टोकाला, ‘हसा आणि कर्करोग पळवा’ असे जे संदेश त्याच गटांवर फिरतात, तेही तितकेच खोटे आहेत. हसण्याने बरे झालो, असे सांगणाऱ्या नॉर्मन कझिन्स या अमेरिकी संपादकाचा अनुभव १९७६ मध्ये एका मान्यवर वैद्यकीय नियतकालिकात आला होता. तो एका रुग्णाचा अनुभव होता, सोबत जीवनसत्त्व क चे मोठे डोसही होते, आणि त्याच्या मूळ निदानावर पुढे शंका घेतली गेली. दमा असलेल्याला जोराच्या हसण्याने धाप लागू शकते आणि हर्नियाच्या रुग्णाने किंवा नुकतेच पोटाचे ऑपरेशन झालेल्याने जपून हसावे, हे डॉक्टर सांगतातच. त्यावरून हसणेच घातक ठरवायचे, तर जिना चढणेही बंद करावे लागेल.

राहिला कायदा. धार्मिक भावना दुखावण्याचे कलम १९२७ पासून भारतीय दंड संहितेत २९५अ म्हणून होते, आणि १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत २९९ झाले आहे. हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने अपमान केलेला असणे, ही त्यातली अट आहे. १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवताना, अजाणता किंवा निष्काळजीपणे झालेला अपमान त्यात येत नाही, असेही स्पष्ट केले. नाथांचे भारूड या कलमात कसे बसवायचे, हे मजकूरकर्त्यालाच ठाऊक. हल्ली कोण कशावर तक्रार करील याचा नेम नाही, ही कार्यकारिणीची भीती मी समजू शकतो. पण मग आम्हाला भीती वाटते, एवढेच म्हणावे. संतांना साक्षीला बोलावू नये.

या प्रकरणात मला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट मजकुरात नाही, कार्यक्रमपत्रिकेत आहे. भारूड वगळले, ऑर्केस्ट्रा राहिला. गेल्या वर्षी त्याच ऑर्केस्ट्राच्या निवेदकाने गाण्यांच्या मधल्या वेळात संकुलाच्या रखवालदाराला मंचावर बोलावले, त्याच्या हिंदीची नक्कल केली, ‘गावाला बायकोला काय सांगतोस, बिल्डिंगचा मालक आहे म्हणून?’ असे विचारले, आणि मग एका लठ्ठ बाईंना नाचायला उठवून मंचाच्या फळ्यांची काळजी व्यक्त केली. लोक भरपूर हसले. रखवालदारही हसला, कारण त्याचे कंत्राट चालू ठेवायचे की नाही हे ठरवणारे सगळे समोरच्या खुर्च्यांवर बसले होते. त्या बाई पुढच्या कार्यक्रमांना खाली आल्या नाहीत. हा सगळा प्रकार गणपतीपासून दहा पावलांवर झाला आणि त्यावर कुणीही ‘देवाच्या दारी हसू नये’ असे म्हटले नाही.

कार्यकारिणीला मी लेखी दिलेल्या मागण्या दोनच आहेत. एक, भारूड पुन्हा कार्यक्रमात घ्यावे आणि हवे तर प्रवचनही त्याच संध्याकाळी ठेवावे. दोन, ऑर्केस्ट्राच्या निवेदकाला आधीच बजावावे की संकुलात काम करणारी माणसे, कुणाचे शरीर, कुणाची बोली किंवा जात हा मंचावरच्या विनोदाचा विषय होणार नाही. पहिल्या मागणीवर चर्चेसाठी बैठक लावू, असे सचिवांनी कळवले आहे. दुसरीवर त्यांनी फोन करून उत्तर दिले, ‘अहो, एवढं काय मनावर घेता, गंमत असते ती.’