पाचशे म्हणजे किती?

वर्ल्ड कप आला की कोल्हापुरात आमच्या पेठेची निम्मी गल्ली ब्राझीलची होते आणि निम्मी अर्जेंटिनाची. कट्ट्यामागच्या भिंतीवर पेले रंगवायचा हे ठरलंच होतं, भांडायचं कारण नव्हतं. पण रंगाचा डबा खाली ठेवता ठेवता बंड्या बोलून गेला, "ब्राझीलनं काळा माणूस एकच मोठा दिला. पेले. दुसरा कोण हाय सांगा."

"लुईस गामा," वकील म्हणाला.

"कुठल्या क्लबाचा?"

झालं. चहा सांगितला गेला.

सद्याला गामा मान्य नव्हता, त्याचा माणूस झुंबी. मळ्यांवरून पळालेल्या गुलामांनी डोंगरात पाल्मारेस वसवलं, पोर्तुगीज आणि डच दोघांच्या फौजा अंगावर घेतल्या, त्याचा हा शेवटचा मोठा म्होरक्या. २० नोव्हेंबर १६९५ ला मारला गेला, मुंडकं रेसिफे शहरात टांगलं. "का टांगलं? तर लोक म्हणायचे, झुंबी मरतच न्हाई. २०२४ पासनं त्या दिवशी आख्ख्या देशाला सुट्टी हाय. राजकन्या इझाबेलनं १३ मे १८८८ ला गुलामी संपवायच्या कायद्यावर सही केली, तिच्या नावानं न्हाई."

मास्तरांनी मधेच माशादो द आसिसचं नाव काढलं. गुलामीतून सुटलेल्यांचा नातू, ब्राझीलच्या साहित्य अकादमीचा पहिला अध्यक्ष. १९०८ साली वारला तर मृत्यूच्या दाखल्यावर वर्ण लिहिला 'गोरा'. २०११ साली एका सरकारी बँकेच्या जाहिरातीत तर गोरा नटच माशादो झाला होता. ओरड झाल्यावर जाहिरात मागे घेतली. "मोठा झाला की रंग बदलून घेतात," एवढं बोलून मास्तर गप्प बसले. खरं तर यावरच तासभर भांडता आलं असतं.

पण वकील सोडेना. त्याचं म्हणणं, झुंबीनं राज्याबाहेर राज्य केलं. गामानं राज्याच्याच कचेरीत जाऊन राज्याला खोटं पाडलं. गामा १८३० साली बाहिया प्रांतातल्या साल्व्हादोरला जन्मला. आई आफ्रिकन पण गुलाम नव्हे, बाजारात भाजी-फळं विकायची. बाप पोर्तुगीज घराण्यातला, जुगारी. त्यानं १८४० साली दहा वर्षांच्या पोटच्या पोराला जहाजावर नेऊन विकलं.

"सख्ख्या बापानं?" बंड्या.

"सख्ख्या. गिऱ्हाईक मात्र पटकन मिळेना. पोरगं बाहियाचं म्हटल्यावर लोक मागं सरायचे, तिथले गुलाम बंडखोर म्हणून." सतराव्या वर्षी मालकाच्या घरात राहणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून तो लिहाय-वाचायला शिकला. पुढच्याच वर्षी आपण जन्मानं स्वतंत्र असल्याचे पुरावे मिळवून त्यानं मालकाचं घर सोडलं.

आता वकील रंगात आला. १८३१ साली इंग्रजांच्या दबावाखाली ब्राझीलनं कायदा केला होता: यापुढं आफ्रिकेतून जो गुलाम देशात येईल तो स्वतंत्र. कायदा कागदावर, जहाजं सुरूच, लाखो माणसं आणली. आजही तिकडं नुसत्या देखाव्याच्या कामाला 'इंग्रजांनी बघावं म्हणून' असं म्हणतात. म्हणीचं मूळ लोक याच कायद्यात शोधतात. गामानं हाच मेलेला कायदा उकरून काढला.

"समज, १८६५ साल हाय. मालकाच्याच कागदावर लिहिलंय: जन्म आफ्रिका, वय तीस. कर वजाबाकी."

"पस्तीस," बंड्या म्हणाला.

"मग १८३१ च्या आधी तो आलाच कसा? जन्मच झाला नव्हता. सोडा त्याला!"

कायद्याची पदवी नसताना, नुसत्या परवानगीवर हा माणूस साओ पावलोच्या कोर्टात उभा राहायचा. असले खटले चालवतो म्हणून १८६९ साली पोलीस कचेरीतली कारकुनी गेली. त्याच्याच हिशेबानं पाचशेच्या वर माणसं सोडवली. ब्राझीलच्या वकिलांच्या संघटनेनं त्याला वकील म्हटलं ते २०१५ साली, मेल्यावर १३३ वर्षांनी.

मास्तर म्हणाले, "जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, तेव्हा हा तिकडं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता म्हणायचा."

सद्या अजून अडलेलाच. "१८७२ च्या शिरगणतीत गुलाम किती? पंधरा लाख. त्यातले पाचशे. काय उजेड पाडला लगा?"

इथं मी वकिलाच्या बाजूनं पडलो. गुलाम मोजले तर पाचशे, पण मुद्दा मोजायला हवा. १८३१ नंतर आणलेली आई कायद्यानं स्वतंत्र, तर तिची पोरंही स्वतंत्र. हे एकदा कोर्टानं सरसकट मानलं असतं तर कॉफीच्या मळ्यांवर मालकाच्या हक्काचं कोण उरलं असतं? मळेवाले पाचशे माणसांना भीत नव्हते, त्या वजाबाकीला भीत होते. सद्याला हे अर्धंच पटलं. "तरी गुलामी संपवायचा कायदा आला तवा ह्यो न्हवताच," म्हणाला. ते खरंय. गामा १८८२ ला गेला, सहा वर्षं आधी.

बंड्या मघापासून गप्प होता. "त्या बापाचं नाव काय?"

"सांगितलंच नाही त्यानं. १८८० साली मित्राला आयुष्याची हकिगत लिहिली, त्यात सगळं आहे, बापाचं नाव मुद्दाम गाळलंय."

"आणि आई?"

"लुईझा माहीं. बाप्तिस्मा कधी घेतला नाही, नाहीच म्हणायची. ती १८३७ लाच रिओला गेली होती. यानं १८४७ ला शोधली, १८५६ ला शोधली, १८६१ ला शोधली."

"गावली?"

"नाही."

बंड्यानं डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. "एकसष्टला म्हंजे एकतीस वर्षांचा घोडा की," म्हणाला, आणि चहाचे पैसे द्यायला उठला. एरवी कधी देत नाही.