'बेटाची बदनामी' म्हणणाऱ्यांनी आधी किनाऱ्याचा कायदा वाचावा

मिरजेला राहणाऱ्या माझ्या आत्याने गेल्या आठवड्यात एक पुस्तक परत पाठवले. वर्तमानपत्राच्या कागदात नीट गुंडाळलेले, वर सुतळी, आणि आत एक चिठ्ठी: "हे आम्ही वाचनमंडळाच्या यादीतून काढले. मनाला लावून घेऊ नकोस. कारण मोबाइलवर पाठवले आहे." पुस्तक होते निकोल डेनिस-बेन यांची 2016 साली प्रसिद्ध झालेली 'हिअर कम्स द सन' ही कादंबरी. मोबाइलवर आलेले कारण म्हणजे 'जमैकाची बदनामी थांबवा' अशा मथळ्याचा एक लांबलचक संदेश. हा संदेश त्याआधी मला तीन वेगवेगळ्या गटांवर आलेला होता आणि मी तो न वाचता सोडून दिला होता. तो तेव्हाच वाचून उत्तर दिले असते, तर आयुष्यभर भूगोल शिकवलेल्या बाईने एका बेटाविषयीचे पुस्तक अर्ध्यावर मिटले नसते. म्हणून हे उत्तर उशिरा का होईना, सविस्तर देतो आहे.

ज्यांनी कादंबरी वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जमैकाच्या वायव्य किनाऱ्यावर माँटेगो बे हे पर्यटनाचे मोठे शहर आहे. तिथले लोक त्याला 'मोबे' म्हणतात. त्याच्या आसपास रिव्हर बँक नावाची मासेमारांची वस्ती आहे आणि साल 1994 आहे. डेलोरेस ही बाई पर्यटकांना शोभेच्या वस्तू विकते. तिची थोरली मुलगी मार्गो एका बड्या हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करते आणि रात्री पैशांसाठी पाहुण्यांच्या खोल्यांत जाते, कारण धाकट्या थँडीला शिकवून या वस्तीतून बाहेर काढायचे आहे. मार्गोचे प्रेम व्हर्डीन नावाच्या स्त्रीवर आहे. आणि वस्ती जिथे उभी आहे तिथे आता नवे हॉटेल यायचे आहे.

संदेश लिहिणारा स्वतः जमैकात चार रात्री राहून आल्याचे सांगतो. त्याचे म्हणणे असे: लेखिका अमेरिकी आहे, तिने घरबसल्या हे रचले, जमैकात समुद्रकिनारा सगळ्यांना मोकळा आहे, त्यामुळे लोकांना किनाऱ्यावरून हटवल्याची गोष्ट थाप आहे, पर्यटनामुळे तिथे सर्वांना काम आहे, हॉटेलांतल्या ज्या मुली 'तसले' काम करतात त्या स्वखुशीने करतात, कातडी उजळवणे आणि दोन स्त्रियांचे प्रेम हे विषय पाश्चात्त्य वाचकांसाठी घुसडलेले आहेत, आणि आपल्या भारतीय लोकांनी त्या भूमीत सोने पिकवले असल्यामुळे आपण तरी तिची निंदा वाचू नये.

पहिला मुद्दा एका ओळीत संपतो. निकोल डेनिस-बेन यांचा जन्म किंग्स्टनचा, बालपण आणि शाळा तिथलीच. अमेरिकेला त्या गेल्या त्या किशोरवय संपताना. ज्याला चार रात्रींचा मुक्काम पुरेसा अनुभव वाटतो, त्याने सतरा वर्षांच्या वास्तव्याला घरबसले म्हणावे याला उत्तर देण्यात अधिक वेळ घालवण्याची गरज नाही.

दुसरा मुद्दा मात्र सोडता येत नाही. संदेशाचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे आणि तो धडधडीत खोटा आहे. 1956 साली, म्हणजे जमैका स्वतंत्र होण्याच्या सहा वर्षे आधी, ब्रिटिश अमदानीत तिथे 'बीच कंट्रोल ॲक्ट' हा कायदा झाला. 6 ऑगस्ट 1962 रोजी देश स्वतंत्र झाला, पण कायदा तसाच राहिला. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांच्यामधली वाळू आणि त्यापुढचा समुद्राचा तळ यांवरील सर्व हक्क या कायद्याने राजसत्तेच्या स्वाधीन केले, आणि सामान्य नागरिकाला किनाऱ्यावर जाण्याचा किंवा समुद्रात पोहण्याचा कोणताही सर्वसाधारण हक्क ठेवला नाही. किनाऱ्याला लागून ज्याची जमीन आहे त्याला, त्याच्या कुटुंबाला आणि त्याच्या खाजगी पाहुण्यांना पोहण्याची मुभा दिली. किनारा धंद्यासाठी वापरायचा असेल तर परवाना घ्यावा लागतो, आणि तो हॉटेले घेतात. हा देश बेट आहे. त्याच्या चारही बाजूंना समुद्र आहे. आणि त्याच देशाच्या कायद्यात तिथल्या माणसाला समुद्रावर जाण्याचा हक्क लिहिलेला नाही. संदेश लिहिणाऱ्याने हे एवढे एक पान वाचले असते, तर 'सगळ्यांना मोकळा' हे शब्द त्याच्या हातून उमटले नसते.

आपल्याकडच्या वाचकाला हे सहज पटत नाही, याचे कारण मला समजते. गणपतीपुळ्याला किंवा गुहागरला वाळूत उतरताना आपल्याला कोणी कुठले, कोणाचे पाहुणे, असे विचारत नाही. किनारा म्हणजे सर्वांचा, ही आपली इतकी सवयीची गोष्ट आहे की तिच्या उलट कायदा असू शकतो हेच मनात येत नाही. आत्यालाही तेच वाटले. "समुद्राला कसले कुलूप?" असे ती मला फोनवर म्हणाली. कुलूप समुद्राला नसतेच, ते वाटेला असते. मासेमारी हा ज्यांचा धंदा होता त्यांचे किनाऱ्यावरचे आधीपासूनचे हक्क या कायद्याने राखून ठेवले आहेत, हे खरे. पण वाळूवर होडी ओढण्याचा हक्क कागदावर राहिला आणि तिथवर नेणारी पायवाट हॉटेलच्या भिंतीआड गेली, तर त्या हक्काचा उपयोग कोणाला? कादंबरीतल्या मासेमारांची सगळी कोंडी या एका प्रश्नात आहे.

यात एक अर्धसत्य आहे आणि ते मी नाइलाजाने मान्य करतो. जमैकात 1882 चा एक 'प्रिस्क्रिप्शन ॲक्ट' आहे. एखादा किनारा लोकांनी पोहण्यासाठी किंवा मासेमारीसाठी वीस वर्षे विनाअडथळा वापरला असेल, तर त्यावर लोकांचा हक्क प्रस्थापित होऊ शकतो. शिवाय लोकांसाठी खुले असलेले किनारेही आहेत. पण वीस वर्षांची वहिवाट सिद्ध करायची म्हणजे न्यायालयात जायचे, वकील उभा करायचा आणि कोण कोणत्या वाटेने, कधीपासून पाण्यावर जात होते हे सांगायला वस्तीतल्या वृद्धांना साक्षीला आणायचे. सेंट ॲन परगण्यातल्या मॅमी बे इथे किनाऱ्याची वाट बंद झाल्यावर लोकांना हेच करावे लागले. 'जमैका बीच बर्थराइट एन्व्हायर्नमेंटल मूव्हमेंट' ही 2021 मध्ये सुरू झालेली संघटना आज असे एकाहून अधिक किनाऱ्यांचे दावे लढवते आहे. किनारे खरोखरच मोकळे असते, तर हे दावे कशासाठी लढवले जात आहेत?

आणि ते छायाचित्र. संदेशासोबत पुरावा म्हणून जोडलेले छायाचित्र मी मोठे करून नीट पाहिले. पांढरी वाळू आहे, निळ्या गाद्यांच्या आरामखुर्च्यांची एकसारखी रांग आहे, पाण्यात तरंगत्या गोळ्यांची एक दोरी ताणलेली आहे, आणि उजव्या कडेला पांढरा सदरा घातलेला एक कर्मचारी हातात टॉवेलांची चळत घेऊन उभा आहे. संपूर्ण चित्रात जमैकाचा माणूस तेवढा एकच, आणि तो कामावर आहे. पोहणारे मूल नाही, जाळे नाही, होडी नाही. किनारा सर्वांचा असल्याचा हा पुरावा म्हणून लाखो लोकांना पाठवला जातो, आणि त्यात ज्यांचा तो किनारा ते लोकच नाहीत, हे पाठवणाऱ्यांपैकी एकाच्याही लक्षात येऊ नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सर्वांना काम आहे, या मुद्द्यावर थोडे मान्य करायला हवे. पर्यटन हा जमैकातला फार मोठा रोजगार आहे. 28 लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या या देशात कोरोनापूर्वी 2019 साली 40 लाखांहून अधिक पर्यटक आले, आणि अलीकडच्या वर्षांत तिथली गरिबी घटली आहे हेही खरे. परंतु पर्यटन क्षेत्रातील कामगारांसाठी निवृत्तिवेतनाचा खास कायदा व्हायला 2019 साल उजाडावे लागले आणि योजना प्रत्यक्षात 2022 मध्ये सुरू झाली. ज्या सेंट जेम्स परगण्यात माँटेगो बे आहे, तिथे 2017 या एका वर्षात 335 खून झाले आणि 18 जानेवारी 2018 रोजी सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली. पर्यटकांना हॉटेलच्या आवारातच थांबण्याचे सल्ले दिले गेले. तेव्हा आवाराच्या आतून दिसणारा देश आणि आवाराबाहेरचा देश वेगळे आहेत, हे लेखिकेच्या आधी या सल्ल्यांनीच मान्य केलेले आहे.

आता 'स्वखुशी'. संपूर्ण संदेशातले हे सर्वांत घातक वाक्य आहे, आणि आत्याच्या मंडळातल्या सुशिक्षित बायकांनी ते पुढे पाठवले याचा मला राग आहे. कादंबरीचे साल 1994 आहे, ते उगीच नाही. 1990 मध्ये एका अमेरिकी डॉलरला सरासरी 7 जमैकन डॉलर पडत. 1994 मध्ये 33 पडू लागले. याचा अर्थ हिशेबात असा होतो की ज्या बाईचा पगार जमैकन डॉलरमध्ये होता, तिचा पगार तोच राहिला तर अमेरिकी चलनात त्याची किंमत चार वर्षांत जवळजवळ पाचव्या हिश्शावर आली, आणि समोरच्या खोलीत उतरलेल्या पाहुण्याच्या खिशातली नोट तेवढ्याच पटीने जड झाली. धाकट्या बहिणीची फी, घराचे छप्पर, आईचे औषध या सगळ्यांची बेरीज घेऊन जी मुलगी स्वागतकक्षात उभी असते, तिच्यापुढे पाहुणा ती नोट ठेवतो, तेव्हा तिने उचललेल्या पावलाला 'खुशी' हा शब्द वापरायला मोठे निष्ठुर मन लागते. लेखिकेने मार्गोला निरागसही ठेवलेले नाही. पुढे ती स्वतः इतर मुलींना त्याच वाटेवर ढकलते, आणि ते वाचताना तिचा संताप येतो. पण तो संताप तिला तिथे आणणाऱ्या साखळीसह येतो. संदेश लिहिणाऱ्याने साखळी पुसून टाकली आणि फक्त मुलगी ठेवली.

कातडी उजळवण्याचा विषय पाश्चात्त्यांसाठी घुसडला, असे म्हणणाऱ्याला हे ठाऊक नाही की जमैकाच्या आरोग्य मंत्रालयालाच 2007 साली 'डोंट किल द स्किन' नावाची मोहीम काढावी लागली होती. पारा, हायड्रोक्विनोन आणि स्टेरॉइड असलेली मलमे लोक सर्रास लावत होते. कादंबरीत थँडी अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून, भर उन्हात जाड कपडे घालून वावरते, ते वाचताना मला परके काही वाटले नाही. 'मुलगी गोरी हवी' ही अट आपल्या वधुवर-सूचक जाहिरातींत पिढ्यान्‌पिढ्या छापून आली आहे, आणि मराठी वाचकालाच हे खोटे वाटावे याचे आश्चर्य आहे.

व्हर्डीनच्या अंगणात वस्तीतले लोक मेलेली कुत्री टाकतात, हा भाग अतिरंजित असल्याचे संदेशात म्हटले आहे. जमैकाचा 1864 चा फौजदारी कायदा पुरुषांमधील समलिंगी संबंधांना दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी सांगतो. आपल्या दंडसंहितेतले 377 वे कलम त्याच व्हिक्टोरियन घराण्यातले होते. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्या कलमातून मुक्त केले, तर जमैकातल्या न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या कायद्याविरुद्धचे आव्हान फेटाळले. स्त्रियांचा उल्लेख त्या कायद्यात नाही, परंतु जमाव कायद्याची कलमे वाचून हात उचलत नाही. जुलै 2013 मध्ये माँटेगो बे परिसरातच, एका नाचाच्या कार्यक्रमाला मुलीच्या वेषात गेलेल्या सोळा वर्षांच्या किशोराला जमावाने ठार मारले. या घटनेपुढे अंगणात टाकलेले कुत्रे अतिरंजित वाटत नाही. लेखिकेने हात राखून लिहिले असेच वाटते.

राहता राहिले सोने पिकवणारे आपले लोक. 10 मे 1845 रोजी 'ब्लंडेल' हे जहाज ओल्ड हार्बर बे इथे भारतीय मजुरांना घेऊन लागले, आणि 1917 पर्यंत सुमारे 36 हजार भारतीय जमैकात नेले गेले. गुलामगिरी 1838 मध्ये पुरती संपल्यावर ऊसमळ्यांना स्वस्त माणसे हवी होती, म्हणून ते नेले गेले. बहुतेक उत्तर भारतातले, करारावर अंगठा उमटवून गेलेले. पिकवलेले सोने मळेवाल्यांचे होते. त्या मजुरांचा मान राखायचा असेल, तर बंद वाटांविषयी लिहिणारे पुस्तक यादीतून काढून तो राखला जाणार नाही. त्या मजुरांच्या पणतवंडांना आज पोहायला समुद्रावर जायचे असेल, तर 1956 चा तोच कायदा त्यांनाही लागू आहे.

हे सर्व मी आत्याला लिहून पाठवले, सोबत कायद्याचे ते पानही पाठवले. पुस्तकात तिच्या खुणेची एसटीची तिकीट-चिठ्ठी तशीच आहे. ती न हलवता मी पुस्तक पुन्हा मिरजेला रवाना केले आहे.