रिअल-टाइम म्हणे!

परवा पुन्हा तेच ऐकलं. "रिअल-टाइम आहे ना मॅडम? मग काय, लगेच होईल." फोन ठेवला आणि पाच मिनिटं नुसती स्क्रीनकडे बघत बसले.

आर्किटेक्टचं घर स्क्रीनवर फिरून बघता येईल असं उभं करणं हे माझं काम. अहो, रिअल-टाइम, म्हणजे त्या क्षणी चित्र काढणारं, ते इंजिन आहे, अनरियल नावाचं सॉफ्टवेअर. मी नाही!

जरा हिशोब करा. सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं हवीत, तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम 16.6 मिलिसेकंद. फोर-के स्क्रीन असेल तर त्या एका फ्रेममध्ये 83 लाखांच्या आसपास पिक्सेल. एवढ्यात ऊन, सावल्या, भिंतीवरून उसळून छतावर गेलेला उजेड, काचेतलं प्रतिबिंब, सगळं उरकायचं. व्ही-रे किंवा कोरोना या सावकाश चित्र काढणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हीच खोली रात्री रेंडरला टाकायची आणि झोपायचं. तिथे एकेका पिक्सेलमागे शेकड्यांनी किरण सोडायची चैन असते. इथे पिक्सेलच्या वाट्याला धड एक किरण येत नाही. मागच्या फ्रेमकडून उसनवारी करायची, नॉइज, म्हणजे चित्रातले दाणे, गाळायचा आणि वेळ मारून न्यायची. आणि खरं सांगते, अनरियल ही वेळ फार सुंदर मारून नेतं. 2022 मध्ये ल्युमेन, म्हणजे उजेडाचा हिशोब चालता चालता करणारा अनरियलचा भाग, हातात आलं तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं होतं. त्याआधी उजेड आधीच मोजून पृष्ठभागांवर 'बेक' करावा लागायचा; त्यासाठी लाइटमॅपचे यूव्ही, म्हणजे पृष्ठभागांचे सपाट नकाशे, उलगडत रात्री काढल्यात मी. सोफा हातभर सरकवला की सगळं पुन्हा बेक! तो जाच गेला. त्यामुळे इंजिनवर माझा राग नाहीच.

राग आहे तो अनरियलचे डेमो बघून आलेल्या लोकांवर. डेमोत काय असतं? डोंगर, कडे, दगडधोंडे. दगडाला काच नसते. डोंगराला बाथरूम नसतं. घराची आतली बाजू म्हणजे उजेडाच्या दृष्टीने सगळ्यात खाष्ट प्रकरण: एकच खिडकी, पातळ भिंती, आरसा, चकचकीत फरशी, आणि नॅनाइटला, म्हणजे बारीक तपशिलाची मॉडेलं झेपवणाऱ्या अनरियलच्या यंत्रणेला, न चालणारी काच जिथे तिथे.

त्यात आर्किटेक्टकडून येणारं मॉडेल. भिंत म्हणून जे पाठवतात तो नुसता पापुद्रा असतो, जाडी शून्य. निम्मे फेस, म्हणजे पृष्ठभागाचे तुकडे, उलटे. ल्युमेनच्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की भिंत 10 सेंटिमीटरपेक्षा पातळ नको, नाहीतर उजेड गळतो. भिंती, जमीन, छत वेगवेगळे मेश, म्हणजे सुटे 3डी आकार, ठेवा, हेही लिहिलंय. आमच्याकडे अख्खा फ्लॅट एकाच मेशमध्ये येतो, वर मेल: "मॉडेल एकदम क्लीन आहे."

मंगळवारी रात्री एक वाजता मी त्या क्लीन मॉडेलच्या बेडरूममध्ये गुडघे टेकून बसल्यासारखी कॅमेरा खाली नेऊन बघत होते. कोपऱ्यात, स्कर्टिंगच्या वर, उजेडाची एक बारीक रेघ. बाहेरचं ऊन सरळ भिंतीतून आत. सेटिंग बदलून पाहिलं, रेघ तिथेच. क्वालिटी वाढवली, फ्रेम रेट कोसळला, रेघ मात्र जागची हलेना. सर्फेस कॅशचा, म्हणजे ल्युमेनने पृष्ठभागांच्या ठेवलेल्या नोंदींचा, व्ह्यू लावला तर अर्धी खोली गुलाबी. गुलाबी म्हणजे या पृष्ठभागाची नोंदच नाही, प्रतिबिंबात आणि उजेडाच्या हिशोबात हा धरू नका. शेवटी अख्खा मेश तोडून भिंती सुट्या केल्या आणि बाहेरच्या पापुद्र्यामागे 20 सेंटिमीटर जाडीचा करडा ठोकळा उभा केला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. रेघ गेली. पहाटेचे चार.

दुसऱ्या दिवशी मीटिंग. क्लायंटने पहिली गोष्ट काय करावी? दिव्याचं बटण दाबलं. दिवा विझला, भिंतीवरचा उजेड मात्र क्षणभर रेंगाळला आणि मग सावकाश गेला. "हा उजेड रेंगाळतो का?" आता काय सांगू? उजेडाचा हिशोब अनेक फ्रेमवर पसरून केलेला असतो, जुना उजेड पुसला जायला वेळ लागतो. मग पंखा लावला, पात्यांमागे शेपट्या. मग आरसा. आरशात खोली होती, पण कोणीतरी आठवणीतून रंगवल्यासारखी, बोथट. नीट प्रतिबिंब हवं तर हिट लायटिंग लावावं लागतं, म्हणजे किरण आदळतो तिथला उजेड नव्याने मोजायचा, त्याची किंमत फ्रेम रेटने मोजावी लागते. ते लावलं तर लगेच, "अडकतंय का हे?"

आणि पांढरा रंग! "भिंत पांढरी आहे, मग पांढरीच दाखवा ना." चांगला पांढरा रंगसुद्धा अंगावर पडलेल्या उजेडापैकी साधारण 80 टक्के परत टाकतो. मटेरियलमध्ये 100 टक्के भरले की उजेड भिंतीभिंतींवर उसळतच राहतो, विरतच नाही. सावल्या पांगळ्या होतात आणि खोली कागदाची वाटायला लागते. फोटोरिअल दिसण्यासाठी पांढरा थोडा मळकट ठेवावा लागतो, हे पटवण्यात वीस मिनिटं गेली. पटलं नाहीच.

त्यावर कहर म्हणजे, खिडकीबाहेरचं आकाश निळं हवं आणि खोलीचा कोपरान् कोपराही उजळ हवा. बाहेर भर उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स (उजेडाचं माप), आत काहीशे. खऱ्या कॅमेऱ्याने एका फोटोत दोन्ही पकडून दाखवा, मी हे काम सोडते. फोटोग्राफरसुद्धा दोन-तीन एक्स्पोजर जोडतात. पण त्यांना कोणी "फोटो खरा वाटत नाही" म्हणत नाही!

निघताना दारात उभं राहून: "हेच व्हीआरमध्ये पण चालेल ना?" दोन डोळे, सेकंदाला 90 फ्रेम, म्हणजे फ्रेमला 11 मिलिसेकंद. मी हसले. ते हसणं त्यांनी होकार धरलं असावं, कारण संध्याकाळच्या मेलमध्ये व्हीआर लिहिलेलं आहे.

त्याच मेलला नवीन मॉडेल जोडलंय. नाव 'फायनल_5'. बदल किरकोळ, असं म्हणणं आहे. भिंती पुन्हा पापुद्रे, पुन्हा एकच मेश, हे आता गृहीतच धरते. उघडून बघितलं तर बेडरूमची खिडकी त्या कोपऱ्यातल्या भिंतीवर आणून ठेवलीय. पडदा आहे, काच आहे, आणि काचेपलीकडे आकाशाच्या जागी माझा करडा ठोकळा.