गॅस धुरासारखा वर जात नाही, भाऊ

टाकी, नळी आणि शेगडी यांच्याबद्दल मी मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली एका आचारीभाऊंची प्रतिक्रिया आली आहे. नाव त्यांनी दिलेलं नाही, राग मात्र भरपूर आहे. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात देतो:

"वीस वर्ष झाले पंगती करून राह्यलो. थंडीत टाकी बसली का गरम पाणी ओततो, आडवी बी करतो. एक टाकी फुटली नाई. तुमी दुकानवाले नळ्या खपवाले भेव दाखवता. प्रोपेन प्रोपेन लिवता, आपल्या टाकीत ब्युटेन असते हे तरी मालूम हाये का? आमच्या घराले कवेलू (छपराची कौलं) हायेत, वरून हवा खेळते, गॅस कोंडतच नाई. अन् हे वाचून बाया परत चुलीपाशी गेल्या तर धूर कोन खाईन, तुमी?"

भाऊ, आधी दुकानाचं उरकून टाकू. हो, मी शेगड्या दुरुस्त करतो आणि नळ्याही विकतो. पण त्या लेखात सगळ्यात जास्त ओळी मी साबणाच्या फेसावर लिहिल्या होत्या आणि फेस माझ्या दुकानात मिळत नाही. वाटीभर पाण्यात कपड्याची पावडर घोळायची, दाढीचा जुना ब्रश बुडवायचा आणि रेग्युलेटर टाकीवर बसतो तिथे, नळीच्या दोन्ही टोकांना, शेगडीच्या बटणांच्या मुळाशी फेस लावून दोन मिनिटं बघत बसायचं. गळती असेल तर एकच फुगा हळूहळू मोठा होतो, बसतो, परत मोठा होतो. बेडकाचा गळा हलतो ना, अगदी तसा. मला तो अजूनही दर दोन-चार दिवसांनी कुठल्या ना कुठल्या घरी दिसतो आणि बहुतेक वेळा दोष टाकीच्या तोंडातल्या रबरी वॉशरचा असतो. तो वॉशर टाकी देणाऱ्या पोरानं तुमच्यासमोर बघून द्यायचा असतो.

हे शहाणपण माझ्याकडे उपजत नव्हतं. दुकान नवं होतं तेव्हा एका घरी 'वास येतो' म्हणून बोलावलं, तर मी काडी ओढून रेग्युलेटरभोवती फिरवली. गावात सगळे तसंच करायचे. टाकीच्या गळ्याभोवती निळी बांगडी पेटली आणि माझ्या उजव्या हाताचे केस कोपरापर्यंत साफ झाले. त्या घरच्या आजीनं ओलं पोतं टाकलं म्हणून मी आज उत्तर लिहितोय. काडीपेक्षा फेस चांगला हे तेव्हापासून कळलं.

आता ब्युटेनचं. इथे तुम्ही अर्धे बरोबर आहात. आपल्या घरगुती टाकीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात आणि ब्युटेनचा वाटा मोठा असतो. पण याच गोष्टीमुळे तुमची टाकी थंडीत 'बसते', हे लक्षात घ्या. टाकीत गॅस पातळ रूपात भरलेला असतो. तो उकळून वाफ झाला की ती वाफ नळीतून भट्टीला जाते. प्रोपेन उणे 42 अंशालाही उकळतो. ब्युटेन मात्र शून्याच्या जरासं खाली येईपर्यंतच उकळतो. जानेवारीतली पहाट, बाहेर आठ-दहा अंश, डेगीत पाचशे माणसांचं वरण आणि खाली धडधडणारी भट्टी. गॅस उकळायला लागणारी ऊब टाकीच्या अंगातूनच ओढली जाते. आधी टाकीला घाम फुटतो, मग बुडाशी पांढरं दव धरतं, प्रोपेन आधी उडून जातो, राहिलेला ब्युटेन उकळायचं नाव घेत नाही आणि तुमची ज्योत पिवळी, लुळी पडते. गॅस टाकीत असतो, नुसता झोपलेला असतो.

गरम पाणी ओतल्यानं आजवर टाकी फुटली नाही, हे मी मान्य करतो. टाकी मजबूत असते, 25 किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबाखाली ती तपासलेली असते. पण डेगीतलं उकळतं पाणी ओतण्याची सवय एका पोऱ्यानं पाहिली की पुढच्या लग्नात तो टाकीखाली निखारे सारतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, लग्न कुणाचं ते सांगत नाही. टाकी आडवी करण्याबद्दल मात्र तुमच्याशी सरळ भांडण आहे. उभ्या टाकीत वर वाफ आणि खाली पातळ गॅस असतो. आडवी केली की पातळ गॅसच रेग्युलेटरमध्ये घुसतो. एक लिटर पातळ गॅसाची साधारण अडीचशे लिटर वाफ होते. ती भट्टीच्या तोंडाशी एकदम फुलते आणि माणसाच्या उंचीची जीभ बाहेर येते. वीस वर्षांत तुमच्या भुवया शाबूत असतील तर तुमचं नशीब मोठं आहे, त्याबद्दल अभिनंदन.

उपाय तुमच्या धंद्यातलेच लोक करतात: एका भट्टीला एका टाकीऐवजी दोन-तीन टाक्या एका जोडनळीवर लावायच्या. प्रत्येकीवर ओढ कमी पडते, मग कुणीच गारठत नाही. आणि पंगतीला 19 किलोच्याच टाक्या आणा. घरची 14.2 किलोची लाल टाकी मांडवात लावणं कायद्यानंही चालत नाही, हे मी तुम्हाला नव्यानं सांगायला नको.

उन्हाळ्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण बाकी सगळे विचारतात. आपल्याकडे पारा 46 वर गेला म्हणून टाकी आपोआप फुटत नाही. भरताना फुगायला जागा सोडलेली असते. सावलीत उभी ठेवा, झालं.

तुमचा कवेलूचा मुद्दा मात्र मला दोन दिवस सुचू देत नव्हता, कारण तो गावातल्या प्रत्येकाच्या मनात असतो आणि माझ्या लेखात मी त्याला नीट हातच घातला नव्हता. उलट 'वास आला की खिडकी उघडा' एवढं लिहून मोकळा झालो होतो.

आपली घरं धुरासाठी बांधली आहेत. चुलीचा धूर गरम असतो, वर जातो, म्हणून वर कवेलूच्या फटी, भिंतीत वरच धुराडं, खिडकी छातीच्या उंचीवर. आपल्या आज्यांनी शेकडो वर्षं धुराशी व्यवहार करून ही घरं घडवली. गॅसचं वागणं नेमकं उलट आहे. प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. गळलेला गॅस टाकीच्या अंगावरून घसरतो, जमिनीवर पाण्यासारखा पसरतो आणि उतार शोधतो. कवेलूच्या फटी दहा फुटांवर असतात आणि गॅस आपल्या घोट्याशी असतो. वरून हवा कितीही खेळो, खाली तो साचून राहतो. उंबरठा उंच असेल तर तोच त्याला बांध घालतो. जुन्या वाड्यात धान्याचं पेव असेल तर तो त्यात उतरून बसतो, आणि पेवात डोकावायला आपण काय घेऊन जातो? कंदील.

किती गॅस लागतो? हवेत साधारण दोन टक्के मिसळला की तो पेट घेऊ शकतो. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची खोली धरली तर सगळी खोली पेटती व्हायला एक-सव्वा किलो पुरतो. पण तो खोलीभर पसरतच नाही, खालच्या हातभर थरात राहतो. म्हणजे त्याहून कितीतरी कमी गॅसातही खालचा थर पेटायला तयार होतो.

आणि आपल्या सयपाकखोलीत खाली काय काय असतं ते आठवा. पाटावरच्या देवापुढची समई खालीच असते. आंघोळीचं पाणी तापवायची चूल खालीच असते. सकाळी गॅसवर चहा आणि त्याच खोलीत चुलीवर पाणी, पऱ्हाट्या सरकवत सरकवत, हे चित्र मला दहातल्या सात घरी दिसतं. गॅस महाग, पऱ्हाट्या शेतातल्या, म्हणून दोन्ही चालतात. यात कुणाची चूक काढायची नाही. पण टाकीपासून निघालेला गॅस जिथे जातो, नेमका तिथेच विस्तव ठेवलेला असतो. फ्रिज असेल तर तोही लक्षात ठेवा, त्याची मोटर आपलं आपण सुरू-बंद होते आणि तेवढी ठिणगी पुरते.

दुसरी गोष्ट बसून सयपाक करण्याची. भाकर थापायला बसणं सोयीचं, म्हणून शेगडीही जमिनीवर आणि टाकी शेजारी. म्हणजे टाकीचं तोंड शेगडीच्या ज्योतीच्या वर येतं. वॉशर गळला तर गॅस खाली ओघळत थेट ज्योतीवर पडतो. शेगडी टाकीपेक्षा उंच हवी. त्यासाठी ग्रॅनाइटचा ओटा लागत नाही, विटांचे दोन खांब आणि वर एक फरशी पुरते. माझ्या मावशीनं भाकर थापायचा पाट खालीच ठेवला आणि शेगडी तेवढी वर चढवली. पहिला महिनाभर मला शिव्या दिल्या, उठबस वाढली म्हणून.

वासाचंही असंच आहे. गॅसाला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मरकॅप्टन नावाचं कुजक्या वासाचं द्रव्य मुद्दाम घालतात. पण उभ्या माणसाचं नाक पाच फुटांवर असतं, त्यात सर्दी, त्यात चुलीचा धूर. खाली अंथरुणावर झोपलेलं पोर आधी म्हणतं, "आई, घाण वास येते." त्या पोराचं ऐका.

वास आला तर बटण दाबू नका, लावायला पण नाही आणि बंद करायलाही नाही. विस्तव विझवा, रेग्युलेटर बंद करा, टाकीच्या तोंडावर टोपण बसवा, जमलं तर टाकी अंगणात काढा आणि माणसं बाहेर न्या. 1906 या नंबरवर दिवसरात्र फोन लागतो. फोन मात्र अंगणातून करा.

नळीबद्दल तुमचं म्हणणं 'नळ्या खपवाले' असं आहे, तर ऐका. आठवडी बाजारात ढिगावर मिळणारी रबरी नळी घेऊ नका, माझ्याकडूनही नका घेऊ. एजन्सीकडून आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली नारिंगी नळी मागा. दीड मीटरपेक्षा लांब नको, पाच वर्षांनी बदला. सोयाबीन-तूर घरात आली की उंदीर येतात आणि उंदराला साधं रबर फार आवडतं. दिवाळीनंतर माझ्याकडे येणाऱ्या नळ्यांवर दातांचे ठसे असतात.

बायांच्या धुराचा तुमचा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे झटपट उत्तर नाही. 2016 साली उज्ज्वला योजना आली, घरोघर टाकी पोचली. टाकीसोबत ती वापरायची रीत तेवढ्या सावकाश कुणी समजावली नाही. गाडीवाला टाकी दारात टेकवतो आणि पुढे जातो. चुलीचे डोळे माझ्या आईचेही आहेत, कायम लाल, कायम पाझरणारे. म्हणून कुणी गॅस सोडावा असं मला स्वप्नातही वाटत नाही.

एका बाबतीत मात्र मी जाणूनबुजून भेव दाखवणार आहे. नव्या घरकुलात पोरं बंद न्हाणीत गॅस गिझर लावून राहिली आहेत. बंद खोलीत हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा बळकावतो, आणि माणूस थकवा समजून बसल्या जागी झोपतो. इथे फेस चालत नाही, नाक चालत नाही. गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या भिंतीवर लावायचा आणि नळानं पाणी आत आणायचं.

तुमच्या कवेलूमुळे मूळ लेखात मी आज दुरुस्ती केली आहे. 'खिडकी उघडा' होतं तिथे आता 'दार सताड उघडा, मग खिडकी' असं आहे. शिवाय एक ओळ वाढवली: मोरीच्या भोकात उंदीर-सापाच्या भीतीनं चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो, तो काढून तिथे लोखंडी जाळी ठोका. अख्ख्या खोलीत जमिनीलगतची तेवढी एकच वाट असते, आणि ती आपणच बुजवून ठेवलेली असते.

जोडनळी कुठे मिळते ते विचारायचं असेल तर खाली लिहा. थंडीतली पहिली पंगत कुठल्या गावी आहे तेही लिहा. ब्रश आणि वाटी मी आणतो, वांग्याची भाजी तुमची.