«सगळं टीव्हीलाच का लावू नये?» : प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर, स्ट्रीमिंग स्टिक आणि गेम कन्सोल हे सगळं रिसीव्हरमधूनच (होम थिएटरचे स्पीकर चालवणाऱ्या डब्यातूनच) टीव्हीकडे न्या, असं आमच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ई-एआरसी (टीव्हीतला आवाज एचडीएमआय केबलनेच रिसीव्हरकडे परत नेण्याची सोय) आल्यावर सगळं थेट टीव्हीला लावता येत असताना हा द्राविडी प्राणायाम कशाला, हा एक. आणि लेखाप्रमाणे जोडल्यावर तुमची 4के स्टिक 1080पीवर, म्हणजे साध्या फुल एचडीवर अडकली, हा दुसरा.

आधी दुसऱ्याबद्दल, कारण तिथे तुमचं काम अडलंय. स्टिक काढून थेट टीव्हीला लावून पाहा. तिथे 4के आलं तर स्टिक आणि टीव्ही ठीक आहेत. दोष रिसीव्हरमध्ये किंवा केबलमध्ये शोधायचा. 1080पीवर अडकण्याचं नेहमीचं कारण एचडीसीपी 2.2, म्हणजे 4के चित्राची नक्कल रोखणारं संरक्षण. वाटेतलं एक जरी उपकरण ते ओळखत नसेल, तर स्टिक 4के पाठवतच नाही. 2014-15च्या सुमाराच्या काही रिसीव्हरांत हे सगळ्या पोर्टांना नाही, एक-दोनच पोर्टांना आहे. मागच्या बाजूला टॉर्च मारून पाहा, पोर्टाशेजारी बारीक अक्षरात तसं छापलेलं असतं. कुठेच नसेल तर त्या रिसीव्हरमधून 4के जाणार नाही, कितीही महागडी केबल आणलीत तरी.

4के येतंय पण एचडीआर (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारं चित्र) येत नाही, हा मात्र वेगळा आजार. त्यासाठी रिसीव्हरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये 4के सिग्नल फॉरमॅट ‘स्टँडर्ड’वरून ‘एन्हान्स्ड’ करायचा आणि टीव्हीतही त्या पोर्टासाठी तसाच पर्याय चालू करायचा. सॅमसंगमध्ये त्याला ‘इनपुट सिग्नल प्लस’ म्हणतात. दोन्हीकडे बदल झाला की सगळं बंद करून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी स्टिक चालू करा. स्टिकला वीज तिच्याच अ‍ॅडाप्टरमधून द्या. रिसीव्हरच्या यूएसबीतून ती कमी पडली की स्टिक मध्येच रीस्टार्ट होते.

आता ई-एआरसी. ते एचडीएमआय 2.1सोबत 2017 साली आलं आणि त्यातून डॉल्बी ट्रू-एचडीसुद्धा (ब्लू-रेवरचा पूर्ण दर्जाचा आवाज) जातं, हे तुमचं बरोबर. पण त्यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोन्हीकडे ई-एआरसी हवं. एकीकडे जरी जुनं एआरसी असलं तरी डॉल्बी डिजिटल प्लसच्या, म्हणजे दाबून लहान केलेल्या आवाजाच्या पुढे मजल जात नाही. शिवाय आवाज टीव्हीतून जाणार, म्हणजे टीव्हीला पचेल तेवढाच पुढे सरकणार. सॅमसंगने 2018पासून डीटीएस (डॉल्बीसारखाच दुसरा आवाजाचा फॉरमॅट) काढून टाकलं, एलजीच्या 2020 ते 2022च्या बहुतेक मॉडेलांतही ते नव्हतं. अशा टीव्हीला ब्लू-रे प्लेअर लावलात तर डीटीएस-एचडीची डिस्क चालू असूनही रिसीव्हरच्या डिस्प्लेवर ‘डीटीएस’ऐवजी ‘पीसीएम’ (प्लेअरने आधीच उलगडलेला आवाज) उमटतं, आणि पुष्कळदा मागचे स्पीकर गप्प बसतात. म्हणून ब्लू-रे प्लेअर रिसीव्हरलाच लावावा, यावर ठाम आहोत. सेट-टॉप बॉक्स मात्र कुठेही लावला तरी फरक पडत नाही.

कन्सोल थेट टीव्हीला लावावा, हे तुमचं म्हणणं मान्य; लेखात सरसकट सगळं रिसीव्हरला लावा असं लिहायला नको होतं. 4के 120 हर्ट्झवर (सेकंदाला 120 चित्रं) खेळायचं तर सेकंदाला 18 गिगाबिटच (18 जीबीपीएस) पुढे नेणारा जुना रिसीव्हर उपयोगाचा नाही. 2020 साली आलेल्या डेनॉन, मॅरांट्झ आणि यामाहाच्या पहिल्या एचडीएमआय 2.1 रिसीव्हरांत तर एचडीएमआय चिपच्या दोषामुळे एक्सबॉक्स सिरीज एक्सचं 4के 120 चित्र काळं पडायचं. तेव्हा कन्सोल थेट टीव्हीला लावा आणि आवाज ई-एआरसीने परत आणा. एक अडचण लक्षात ठेवा: सोनीच्या बऱ्याच टीव्हींत 4के 120चे पोर्ट दोनच, 3 आणि 4, आणि त्यातला 3 हाच ई-एआरसीचा. तो रिसीव्हरने घेतला की कन्सोलसाठी 4 एवढाच उरतो. दोन कन्सोल असतील तर दुसरा रिसीव्हरकडेच जाईल.

रिसीव्हरपासून टीव्हीपर्यंतची केबल 5 मीटरहून लांब असेल तर ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्या. तिला दिशा असते: ‘सोर्स’ लिहिलेलं टोक रिसीव्हरकडे, ‘डिस्प्ले’चं टीव्हीकडे. उलट लावली तर चित्र येतच नाही. आणि तिच्यातून ई-एआरसी जातं का, हे खोक्यावर वाचून मगच भिंतीतून ओढा.