वरून बघून भागत नाही
स्पेनमधलं लास मेदुलास, म्हणजे रोमनांची जुनी सोन्याची खाण, 'ओरेयानच्या व्ह्यूपॉइंटवरून अर्ध्या तासात उरकतं' हे त्या जागेवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य काही पटलं नाही. वरून दिसतात ते नुसते लाल सुळके. लास मेदुलास गावातून निघणाऱ्या वालिन्यासच्या पायवाटेने गेलात, तर ला कुएवोना गुहेसमोर मान वर करून उभं राहावं लागतं. रोमनांनी डोंगरात बोगदे पोखरले, लांबून पाटाने आणलेलं पाणी त्यात सोडलं आणि सोन्यासाठी अख्खा डोंगर पाडला, म्हणजे नेमकं काय केलं, ते तिथे कळतं. आम्हाला अडीच तास लागले. त्यातला निम्मा वेळ जुन्या चेस्टनटच्या ढोल्यांत डोकावण्यातच गेला.

आणि हो, ऑगस्ट २०२५ च्या वणव्याची झळ तिथल्या या झाडांना बसली. लेखात त्याबद्दल एक ओळही नाही?